टँकरचा पाठलाग आणि दाटलेले तीन वाफे

५ जानेवारी. शेजाऱ्यांच्या रानात कांद्याची लागण.

आम्हा सहा जणींची सावड आहे. आज सगळ्या हिच्या रानात, उद्या तिच्या. दिवसभर चिखलात वाकून एकेक रोप टोचायचं, दोन रोपांत चार बोटं अंतर ठेवायचं. कंबर धरते. म्हणून मी पिक्चर सांगते.

मला मारधाडीचे पिक्चर आवडतात. मालिकेतली सून दार उघडायला तीन दिवस लावते. तेवढा दम मला नाही. मागच्या आठवड्यात आळेफाट्याला ट्रॅक्टर दुरुस्तीला नेला, तेव्हा शेजारच्या हॉटेलातल्या टीव्हीवर एक हिंदी पिक्चर चालू होता. एक बाई टँकर चालवते, तिची मुलगी गुंडांनी उचलली, चारच्या आत धरणावर पोचायचं. ट्रॅक्टर झाल्याचं मेकॅनिक दोनदा सांगून गेला. मी उठले नाही.

तोच पिक्चर आज सांगायला घेतला. घाटातला पाठलाग आला आणि मी एका दमात सुटले. एक म्हणाली, "आगं, ब्रेक लाव की!" दुसरी म्हणाली, "गप, सांगू दे तिला." हात सपासप चालले. तीन वाफे कधी संपले, कळलंच नाही.

संध्याकाळी रानाचे मालक बांधावर आले. वाकून बघितलं.

"वहिनी, ह्यो कांदा लावलाय का मेथी पेरलीय?"

दोन बोटांवर रोपं होती. कांदा पोसलाच नसता.

"उद्यापासून रानात पिच्चर बंद. न्हाई जमत, तर तुमी येऊ नका."

मी म्हटलं, "भाऊ, चूक आमची. वाफं मी नीट करते. पिच्चर बंद व्हनार न्हाई."

जिची कंबर सगळ्यात जास्त दुखते, ती चिखलातूनच म्हणाली, "ती नसंल तर मी बी न्हाई. मंग तुमीच या वाकायला, राव."

ते बांधावरून घराकडे गेले.

घरी भाकरी थापताना विचार केला. हॉटेलात मी दोन तास हलले नव्हते, पण तो पिक्चर सारखा पळत नव्हता. पाठलागाआधी ती बाई टँकर थांबवते, खाली उतरते, चारी चाकं तपासते, केस घट्ट बांधते. कुणी बोलत नाही. आपला जीव टांगणीला लागतो तो तिथंच. मी नेमकं तेवढं गाळलं होतं, कारण सांगण्यासारखं काही घडत नाही असं वाटलं. नुसतं पळवलं, म्हणून हातही पळाले.

६ जानेवारी. उजाडताच मी एकटी रानात गेले. तीन वाफ्यांतलं एकाआड एक रोप उपटलं, ओल्या गोणपाटात ठेवलं. बाकीच्या आल्या तेव्हा भाऊही बांधावर येऊन उभे राहिले. मी पिक्चर घाटापासून पुन्हा सुरू केला, मोठ्या आवाजात. वाफ्याच्या टोकाला थांबले.

"तिनं गाडी थांबवली. चाकं बघितली. तुमी अंतर बघा."

सहाही जणींनी बोटं लावून बघितलं. मग पुढचा वाफा.

चौथ्या वाफ्याला बांधावरून आवाज आला, "पोरगी घावली का?"

मी सांगितलं नाही. गोणपाटाकडे बोट करून भाऊंनाच रोपं आणून द्यायला लावली.