मालकीणबाईंनी स्वतःलाच दिलेली नोकरी

“प्लेसमेंट शून्य?” प्राचार्यांनी रजिस्टर माझ्यापुढे आपटलं. “उद्या भोपाळची तपासणी टीम येऊन राहिली. तुमचा कोर्स बंद करतीन ते!”

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी मोटार वाइंडिंग शिकवतो. म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरायची. आमच्याकडे संत्र्याच्या बागा पंपावर जगतात, त्यामुळे शिकलेलं पोर गावातच कामाला लागतं. सरकार त्याला बेकार समजतं. प्लेसमेंट म्हणजे कंपनीचं ऑफर लेटर. नागपूरच्या मॉलमध्ये दार उघडायला उभे राहिलात तर प्लेसमेंट. स्वतःचं दुकान उघडलंत तर शून्य.

कोर्स बंद झाला तर मुलं शिकायला छिंदवाड्याला जातील. मुलींना घरचे पांढुर्ण्यापलीकडे सोडत नाहीत. त्या घरी बसतील. माझा जीव त्यासाठी जळत होता.

तडक जवळच्या तिगावला गेलो. मागच्या बॅचच्या विद्याचं तिथे दुकान आहे. दारात दुरुस्तीच्या मोटारींची रांग होती.

“विद्या, तुझं ऑफर लेटर पाहिजे.”

“मले कोन देईन सर? मीच मालक हाय.”

“मग तूच दे.”

ती पोट धरून हसली. मग हात पुसले, कागद घेतला, स्वतःला वाइंडर नेमलं आणि खाली मालक म्हणून सही-शिक्का ठोकला. खोटं त्यात काहीच नव्हतं. सौंसर-रामाकोन्यात दुकानं टाकलेल्या पोरांना फोन केले. त्यांनीही स्वतःला नोकरीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी फाइल पाहून टीमचे साहेब खूश झाले. सासुरवाडी नागपूरची, म्हणून मराठी बोलायचे. समोर विद्याला बसवलं होतं.

“मालक कसा आहे?”

“बाई हाय साहेब. बरी हाय, पन सुट्टी देत नाई.”

“तिला सांगा, कायदा आहे.”

“सांगतो साहेब. पन ते माह्यं आयकतच नाई.”

प्राचार्यांना जोराचा खोकला आला.

कोर्स वाचला. महिन्याभराने अहवाल आला: स्थानिक उद्योगांशी उत्तम संबंध, मात्र सगळे विद्यार्थी नोकरीच करतात, त्यांना स्वतःच्या व्यवसायाकडे वळवावे.

“आता?” प्राचार्यांनी विचारलं.

“आता राजीनामे.”

पोरीच्या हाताला काम आहे की नाही, हे तिच्या दारातल्या मोटारी पाहिल्या की कळतं. त्यासाठी तिगावला जावं लागतं. टीमच्या दौऱ्यात दोन वेळचा चहा आणि जेवण होतं, तिगाव नव्हतं.