सासऱ्यांच्या गटाराचा नमुना

पुण्यात गटाराकाठी उभं राहिल्यावर ज्यांचा चेहरा खुलतो असे एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझे धाकटे साडू लागतात. प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यात ते अधिकारी आहेत. बाकीचे लोक बाटलीत पाणी भरतात ते प्यायला. आमचे साडू भरतात ते लाखेचं सील ठोकून प्रयोगशाळेत पाठवायला. त्यांच्या घरी लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलेलं असतं. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे महाशय मांडवामागे, हात धुतलेलं पाणी जातं कुठे ते बघत उभे. माझ्या खराडीच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आले, तर हॉल आणि बाल्कनी राहिली बाजूला; सरबताचा पेला घेऊन स्वारी थेट तळघरात, सांडपाण्याच्या टाक्यांपाशी. तासाभराने वर आले ते अगदी तृप्त होऊन. ‘‘पंप बंद ठेवलाय हो तुमच्या सोसायटीने. बाकी जागा छान आहे.’’ आठवड्यात सोसायटीला नोटीस आली आणि मी महिनाभर लिफ्ट सोडून जिन्याने ये-जा करत होतो.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं. पण गेल्या वर्षी त्यांच्या तपासणीच्या यादीत कसबा पेठेतली एक गल्ली आली, आणि त्या गल्लीत आमच्या सासऱ्यांचं मुलाम्याचं दुकान. समया, घंटा, देवाची उपकरणी यांना तिथे निकेलचा मुलामा चढतो आणि धुतलेलं पाणी चाळीस वर्षं सरळ गटारात जात होतं. दुसऱ्या कुणी यादी बदलून घेतली असती. साडूंना वाटलं, सासऱ्यांना वगळणं म्हणजे पक्षपात! गेले, आणि ओळखपत्र पुढे धरून विचारते झाले, ‘‘आपण मालक का?’’

‘‘नाही,’’ सासरे म्हणाले. ‘‘तुमच्या बायकोचा बाप.’’

‘‘तेही लिहितो,’’ साडू म्हणाले, आणि खरंच लिहिलं. मालक माझे सासरे आहेत, सबब फेरतपासणी दुसऱ्या अधिकाऱ्याने करावी, असा स्वतःविरुद्धच शेरा!

नमुना नापास झाला. दोन महिन्यांत सुधारणा करा, नाहीतर वीज तोडू, अशी नोटीस आली. सासऱ्यांनी हायच खाल्ली. त्या दुकानाबाहेर त्यांना दुसरं जग नाही. साडूंना सासरचं घर बंद झालं. मेहुणी रडून रडून अर्धी झाली. मी चिडून म्हटलं, ‘‘अहो, जरा डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं?’’

‘‘मग पुढच्या माणसाने दुकानच बंद केलं असतं. त्यांना आजवर कुणी शिकवलंच नाही हो.’’

घर बंद असलं तरी सरकारी माणसाला दुकानात कोण अडवणार? साडू दर रविवारी तिथे हजर. रविवारी सरकारला सुट्टी असते, हा मुद्दा सासऱ्यांनीही काढला नाही. मुलाम्याच्या टाकीतून समई काढली की लगेच धुवायची, ही तिथली जुनी घाई. साडू म्हणाले, टाकीवरच धरा, वीस मोजा, निथळू द्या. निकेलचं औषध टाकीत राहील, गटारात जाणार नाही. मग धुवायला ओळीने तीन बादल्या, आणि पहिल्या बादलीतलं पाणी परत टाकीत. साडू मोठ्याने आकडे मोजायचे, सासरे पाठ फिरवून बसायचे. तिसऱ्या रविवारी मात्र पाठमोरेच खेकसले, ‘‘बाराच झालेत! धुताय काय?’’

दुसऱ्या अधिकाऱ्याने घेतलेला नमुना पास झाल्याचं पत्र आलं, त्या दुपारी मी सासऱ्यांच्या घरीच होतो. सासूबाईंनी पानं वाढली. सासरे बसले, पण जेवायला सुरुवात करेनात.

‘‘अहो, घ्या ना,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘धाकटे यायचेत.’’

भात निवला. साडू आले ते दाराबाहेरच घुटमळत राहिले. सासरे उठले, हाताला धरून त्यांना आत घेऊन आले आणि आपल्या शेजारी बसवलं.

मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि हेवाही वाटला, खोटं कशाला सांगू? वीस वर्षं मी त्या घरचा थोरला जावई आहे. सासरे मला कधी वावगा शब्द बोलले नाहीत, आणि माझ्यासाठी त्यांनी कधी भात निवूही दिला नाही.