सालेमच्या मायचं ताट

अम्मानच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबानं तिसरी बॅग उघडली आणि तिच्यातूनही जुनी लुगडीच निघाली.

त्यानं एक लुगडं चिमटीत धरून उचललं. नऊवारी ते, संपता संपेना. टेबलावर ढीग झाला तरी दुसरं टोक बॅगेतच होतं.

"विकायला आणलंय?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"नाही."

"मग नेसायला?"

माझ्या मागे हिंगोली जिल्ह्यातली सोळा माणसं उभी होती. त्यातले नऊ पुरुष.

मी टूर मॅनेजर. फुकटात जग फिरणारा माणूस, असं लोकांना वाटतं. खरं काम म्हणजे पासपोर्ट सांभाळायचे, गाडी हलायच्या आधी डोकी मोजायची आणि नळाला गरम पाणी नाही हे हसतमुखानं सांगायचं. मूळचा मी सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावचा. वडील सेनगाव-हिंगोली जीप चालवायचे. दहाच्या जीपमध्ये अठरा माणसं बसवून वर कुणाची तक्रार येऊ द्यायची नाही, हे ग्रुप हँडलिंग मी तिथंच शिकलो. पुढं औरंगाबादच्या एका टूर कंपनीत लागलो.

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या कंपनीनं तेव्हा एक नवीन प्रकार काढला, रिस्पॉन्सिबल टूर. म्हणजे नुसतं हॉटेलात राहून फोटो काढायचे नाहीत. त्या देशाचा इतिहास बघायचा, वाळवंट बघायचं आणि तिथल्याच माणसांच्या तंबूत राहायचं, त्यांच्याच चुलीवरचं जेवायचं, म्हणजे आपला पैसा त्यांच्या हातात पडतो. पहिली टूर जॉर्डनची. माणसं जमवायची जबाबदारी माझ्यावर आली, आणि मी ती आपल्या जिल्ह्यातच जमवली.

हिंगोलीत एका लॉजच्या हॉलमध्ये मी ब्रीफिंग घेतलं. सगळं नीट समजावलं आणि शेवटी जोशात येऊन बोललो, "आपल्या या सहलीमुळं तिथल्या गरीब बायकांना मोठी मदत होणार आहे." इथंच घोळ झाला. आपल्याकडं गरीब आणि मदत हे दोन शब्द एका दमात उच्चारले की माणूस उठतो आणि जुन्या कपड्यांची ट्रंक उघडतो.

कस्टममधून सुटायला दीड तास गेला. बाहेर येऊन मी बॉसला फोन लावला.

"साहेब, ग्रुपकडं जुनी लुगडी सापडली."

"किती?"

"जवळजवळ सगळ्यांच्या बॅगेत आहेत."

"अरे, आपण टूर कंपनी आहोत की बोहारीण?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

या लुगड्यांमागचं डोकं होतं साखऱ्याच्या बाबारावदादांचं. दादा मोठे शेतकरी, आवाज मोठा, मनही मोठं. फक्त ते मोठं आहे हे समोरच्याला कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी घरोघरी फोन करून कपडे गोळा करायला लावले होते. बरोबर त्यांच्या बायको कौसाकाकू होत्या. एकाच माणसाच्या बॅगेत लुगडं सापडलं नाही, ते म्हणजे आखाडा बाळापूरचे खिल्लारे सर. रिटायर्ड हेडमास्तर, बौद्ध समाजातले, मोजकं बोलणारे. सर आणि त्यांची पत्नी एका लहानशा बॅगेवर आले होते. दादांची दोन्ही मुलं सरांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळं दादा त्यांना 'सर, सर' करायचे आणि बसमध्ये खिडकीची जागा द्यायचे.

पहिले चार दिवस झकास गेले. पेट्रा बघितलं. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी लोकांनी डोंगर कोरून केलेलं लाल दगडाचं शहर. अरुंद घळीतून चालत गेलं की एकदम समोर कोरीव महाल येतो. तिथं जगभरची माणसं तोंडात बोट घालतात. आमचा तिथला गाइड नासेर घड्याळ लावून त्या क्षणाची वाट बघत होता. पण मागं बघतो तर ग्रुप गायब. सगळे घळीतच थांबलेले. दादा गुडघ्यावर बसून कडेच्या दगडात कोरलेली पाण्याची चर बघत होते.

"हे बघा. उतार बघा किती बराबर हाय. थेंब वाया जाऊ दिला न्हाई पठ्ठ्यांनी. आन् आमच्याकडं कॅनॉल बांधतेत तर पानी वर चढायची वाट बघत बसतंय."

अर्धा तास त्या चरीत गेला. महाल पाच मिनिटांत उरकला. कौसाकाकूंनी आत डोकावून निकाल दिला, "एवढं मोठं दार, आन् आत रिकामी खोली?"

पाचव्या दिवशी आम्ही वादी रमकडं निघालो. लाल वाळू, मधूनच उभे राहिलेले काळे-तांबडे डोंगर, आणि मैलोन् मैल एक झाड नाही. दुपारचं जेवण त्या वाटेवरच्या एका लहान गावात होतं. नासेर आमच्या ग्राउंड हँडलरचा माणूस. ग्राउंड हँडलर म्हणजे त्या देशातली कंपनी, जी आपली गाडी, हॉटेल, जेवण सगळं बघते. तो बसमध्ये माझ्याजवळ येऊन बसला.

"आजचं जेवण जपून," तो म्हणाला. "गावातल्या पाच बायका मिळून हे किचन चालवतात. दुसऱ्या कंपन्यांच्या आधीच्या दोन ग्रुपनी काहीतरी कारण काढून टाळलं. आज तिसऱ्यांदा ताटं परत गेली तर ऑफिस यादीतून यांचं नाव कापणार आणि हॉटेलचा बफे लावणार."

"त्यांना माहीत आहे?"

"त्यांना माहीत आहे म्हणून तर पहाटेपासून चूल पेटली आहे."

मी निर्धास्त होतो. मेन्यू शाकाहारी होता, भांडी वेगळी होती, मी दोनदा फोन करून खात्री केली होती.

शेळीच्या केसांचा काळा तंबू, आत गाद्या अंथरलेल्या. दारात किचनची प्रमुख उभी होती, उम्म सालेम. उम्म म्हणजे आई. तिथं बाईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. कौसाकाकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजी सालेमची माय म्हना की!" आणि तेच नाव पडलं. पन्नाशीची, उंच, कपाळावर पिठाचा हात लागलेली बाई. तिनं चार मोठी ताटं मांडली, परातीएवढी. एकेका ताटात चौघांचा भात, वर तळलेली वांगी, बाजूला मसुराचं वरण, दही आणि रुमालासारखी पातळ रोटी. तिथली पद्धत अशी, की चौघांनी एका ताटाभोवती बसायचं आणि आपापल्या बाजूचं खायचं.

ग्रुप बसला. आणि कुणीच हात पुढं करेना.

दादांनी घसा साफ केला. "मॅनेजर, त्याइला सांगा, आमाला भूक न्हाई."

"दादा, सकाळी सातला नाश्ता झालाय."

"तरी न्हाई. गरिबाघरी जेवून त्याला तकलीफ काहून द्यायची? आमी आपलं आनलंय."

तेवढ्यात काकूंनी पिशवीतून फडकं काढलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या. दादांचा इशारा झाला तशी दोघं जण बसमधून लुगडी घेऊन आले आणि ढीग बरोबर सालेमच्या मायच्या पायाशी ठेवला. दादांनी हात जोडले. त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

ती बाई लुगड्यांकडं बघत राहिली, मग भरल्या ताटांकडं. नासेरला हळूच काहीतरी विचारलं. त्यानं मला सांगितलं, "ती विचारते, पाहुण्यांना भूक नाही की आमचे हात चालत नाहीत?"

अशा वेळी टूर मॅनेजर खोटं बोलतो. मी म्हणालो, "पोट बिघडलंय."

"सोळा जणांचं?" नासेर म्हणाला. समोर दशम्या मोडल्या जात होत्या.

तेव्हा खिल्लारे सर उठले. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पहिल्या ताटाशी येऊन मांडी घातली आणि घास घेतला. त्यांच्या पत्नीही शेजारी येऊन बसल्या. सर दुसरा घास कालवता कालवता बोलले, आवाज न चढवता, थोडं हसूनच.

"दादा, तुमाला सांगितलं न्हाई कधी. माझं आजोळ साखरा. माय बाळतपनाला तिथंच यायची. दर खेपेला तुमच्या घरून एक जुनं लुगडं यायचं तिला. तुमची आजी लई मायेनं द्यायची, खोटं काहून बोलू? पन आमच्या दारी आली की उभ्यानंच जायची. माय म्हनायची, आक्का, पानी तरी प्या. त्या म्हनायच्या, तहान न्हाई."

सरांनी रोटीचा तुकडा मोडला.

"लुगडी फाटून गेली, दादा. पन त्याइला तहान नव्हती हे माय मरेस्तोवर सांगत होती."

मला तेव्हा बसमध्ये जाऊन लपावंसं वाटलं. सतरा वर्षांच्या नोकरीत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, कारण ब्रीफिंग माझं होतं.

आधी हलल्या त्या कौसाकाकू. त्यांनी आपल्या दशम्यांचं फडकं उचललं आणि सरांच्या ताटाशेजारी उघडं ठेवलं. मग सालेमच्या मायला हातानंच खूण केली, की तूपण बस, आमचंही खा. बाईनं ठेचा रोटीवर घेतला, तोंडात टाकला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाकीच्या चौघी हसायला लागल्या. काकूंनी घाईघाईनं तिला दही चारलं. पाच मिनिटांनी बघतो तर काकू चुलीपाशी. उपड्या कढईसारख्या तव्यावर रोटी टाकायला शिकत होत्या आणि नासेरला बजावत होत्या, की आमच्या माहेरी रिसोडकडं मांडे असेच खापरावर करतात, ह्यात नवीन काय?

ग्रुप एकेक करून ताटांशी सरकला. राहिले दादा. सरांच्या ताटाची चौथी बाजू रिकामी होती. दादा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत उभे होते. एका ताटात जेवायचं, तेही सरांच्या. जिल्ह्यातल्या कुठल्या पंगतीत हे घडलं नसतं.

"सर," शेवटी ते म्हणाले, "जरा सरका तिकडं. सगळी वांगी तुमीच खाऊन राहिले."

आणि बसले. त्या दिवशी ताटं परत गेली, पण पुसून घेतल्यासारखी. भात दोनदा मागवला. नासेरनं मोबाइलवर ऑफिसला काय सांगितलं ते मला समजलं नाही, पण सालेमच्या मायनं ते ऐकून कपाळाचं पीठ पुसलं. किचनचं नाव राहिलं. पुढं चार वर्षं मी तिथं ग्रुप नेले.

लुगडी? निघताना तिनं त्यातलं एकच घेतलं, काकूंचं, आणि बदल्यात स्वतःचा भरतकाम केलेला रुमाल काकूंना दिला. बाकीचा ढीग आम्ही सगळ्या वाळवंटातून हिंडवून परत आणला. विमानतळावर पुन्हा तोच साहेब होता. त्यानं बॅग उघडलीच नाही, नुसता हात हलवला. काकूंनी घरी त्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या आणि दोन चांगल्या जड गोधड्या पुढच्या वर्षी माझ्यासोबत पाठवल्या. तंबूतल्या पाहुण्यांना अंथरायला. त्या सालेमच्या मायनं मोकळ्या मनानं घेतल्या.

परतीच्या वाटेवर नांदेडहून आमची गाडी हिंगोलीकडं निघाली. आखाडा बाळापूरला सर आणि त्यांची पत्नी उतरले. दादाही उतरायला लागले.

"दादा, तुमचं साखरा अजून लांब आहे," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. पानी पिऊन येतो."

"गाडीत बिसलेरीच्या बाटल्या आहेत ना."

"तुमी बसा गप."

ते सरांच्या मागोमाग घरात गेले. बाहेर टाकलेल्या खुर्चीवर नाही, आत. दारातून मला दिसलं, सरांच्या पत्नीनं तांब्या-पेला आणला. दादांनी एक पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला. मग ते येऊन गाडीत बसले, आणि गाडी हलली तेव्हा मी डोकी मोजायचीच विसरलो.

तेव्हापासून माझ्या ब्रीफिंगमधून मदत हा शब्द गेला. आता मी एवढंच सांगतो: बॅगेत थोडी जागा रिकामी ठेवा, आणि पोटात त्याहून जास्त.