आईच्या पायावरचा लेप

भाषेप्रमाणे राज्यांची वाटणी झाली आणि महसूल खात्यातले माझे वडील औरंगाबादच्या वाट्याला गेले. गौलीगुड्यातलं बिऱ्हाड हलवायचं होतं, पण सगळं आईच्या पायापाशी अडलं. तिच्या घोट्यावरची जखम कितीतरी महिने भरत नव्हती आणि ती भरल्याशिवाय प्रवास नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यांनी जिलेटिनचा लेप सुरू केला. पांढरा लगदा गरम करून ब्रशनं पायावर फासायचा, वर पट्टी, पुन्हा लेप. निवला की घट्ट बसायचा. “अम्मा, पानी नक्को लगाव. गरम पानी में घुल जाता ये,” डॉक्टर म्हणाले. कशाचा आहे, असं आईनं विचारलं. भल्या माणसानं खरं सांगून टाकलं, जनावरांच्या हाडाकातड्याचा. आईचा चेहरा उतरला. पण लेप बदलताना दरवेळी जखम लहान झालेली दिसे, म्हणून तिनं मन मारून तो वागवला. असलं अंगावर घेऊन चुलीला मात्र शिवली नाही. स्वयंपाक मी करायची.

मग पितृपक्षात आजोबांची तिथी आली. “पोरगी करेल की,” वडील म्हणाले. “इथलं शेवटचं श्राद्ध आहे. मामंजींच्या पानात माझ्याच हातचं पडेल,” आई म्हणाली. वडील गुरुजींना आणायला गेले आणि तिनं घंगाळात कढत पाणी काढून पाय बुडवला.

“अगं, काय करतेस?”

“उद्या परत लावून घेऊ. एका दिवसानं काय होतंय?”

पाणी पांढरंफटक झालं. पट्टीबरोबर नवी कोवळी कातडीही सुटून आली. त्याच पायानं सोवळं नेसून ती दुपारपर्यंत चुलीपाशी ऊठबस करत राहिली. वडिलांनी पाय पाहिला, पण श्राद्धाच्या दिवशी तोंडातून वेडावाकडा शब्द काढायचा नाही, म्हणून मुकाट खीरपुरी जेवले. त्या खिरीची मला अजून चीड येते.

पुढे पाय सुजला, ताप चढला, बोटं काळी पडली. वडिलांची औरंगाबादला हजर व्हायची मुदत काही थांबेना. ते काचीगुड्याच्या स्टेशनावरून एकटेच गेले, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आईचा पाय गुडघ्याखाली कापला.

शुद्धीवर आल्यावर तिनं पांघरुणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“त्यांच्या जेवणाचं तिकडे कोण बघतंय गं?” तिनं विचारलं.

मला इतका राग आला, की मी उठून व्हरांड्यात गेले आणि तिथं रडले.