ज्यांनी शपथ घेतली नाही

तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, जाताना आजही मागून कोणी येतंय असं वाटतं आणि मी बाजूला होते. मागे कोणी नसतं.

मी सरपंच झाले, त्या पहिल्याच खरिपात मला न्याय करायची भारी घाई झाली होती. निर्णय नवरा नाही, मीच घेते, हे गावाला दाखवायचं होतं. तलावाचं पाणी आळीपाळीनं सगळ्यांच्या धानाच्या बांध्यांत सोडायचं काम माझ्या मामाजींकडे होतं, म्हणजे नवऱ्याच्या चुलत्यांकडे. स्वतःच्या धानाला ते सगळ्यात शेवटी पाणी देत. तसा नियम कोणी केलेला नव्हता. रोज ते पाळीवरून फेरी मारत, आणि मागून आले की सुनेच्या रीतीनं मी बाजूला होऊन वाट द्यायचे.

त्या वर्षी धान गर्भात आला, लोंबी धरायची वेळ झाली आणि तलाव बघता बघता खाली गेला. मामाजी कोणाला तरी चोरून पाणी देऊन राहिले, अशी कुजबुज सुरू झाली. मी देवळासमोर सभा बोलावली. नागऱ्याच्या महादेवाचं बेलपत्र त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, शपथ घ्या, विषय संपला.

त्यांनी हात मागे घेतले. काही जुनी माणसं खरी शपथसुद्धा घेत नाहीत. देवाला भांडणात ओढणं त्यांना पाप वाटतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, माझे वडीलही तसेच होते. तरी मी सगळ्यांदेखत म्हणाले, खरा माणूस घाबरतो कशाला? आणि काम काढून घेतलं. लोकांनी वाहवा केली. खोटं कशाला बोलू, मला ती गोड लागली.

उन्हाळ्यात तलाव आटला, तेव्हा पाळीत खेकड्यांची बिळं दिसली, थेट पलीकडच्या नाल्यापर्यंत आरपार. पाणी कोणी नेलंच नव्हतं.

मी मामाजींकडे गेले. ते आजारी होते, ओसरीत पडून होते. मी माफी मागितली, काम परत घ्या म्हणाले.

"पाळ झिरपून राहिली, हेच सांगाले आलो होतो मी त्या दिवशी," ते म्हणाले. "तू इचारली असती त सांगतलो असतो, बाई. तू इचारलीच नाही. सीधी शपथ मागतली."

पंधरवड्यात ते गेले. तेरवीला मी पंगतीत वाढत होते. सगळ्यांना सगळं माहीत होतं, पण कोणी मला एक शब्द बोललं नाही. असं काऊन केलीस, हे कोणीतरी मला विचारावं म्हणून मी अजून वाट बघते.