फटाक्यांच्या लडीवर बादली

भाचीच्या साक्षगंधाच्या सकाळी मी भावाच्या दारातल्या फटाक्यांवर बादलीभर पाणी ओतलं. सेलूतले नातेवाईक हे अजून चवीनं सांगतात. त्याआधीचं कुणी सांगत नाही.

त्याआधी माझी मुलगी पडली होती. मोबाइलचा अलार्म वाजला, ती दचकली आणि पलंगावरून खाली कोसळली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तिचा ईसीजी काढला, मग माझा. दोघींत एकच दोष. ठोका पडल्यावर हृदयाला सावरायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात मोठा आवाज झाला तर लय बिघडते, कधी माणूस उठतच नाही. दोष रक्तातून येतो. भावंडं आणि त्यांची मुलं तपासा, असं डॉक्टरांनी बजावलं.

मी कामाला लागले. या दोषात चालत नसलेल्या औषधांची यादी फ्रिजवर, गोळ्यांच्या वेळा मोबाइलमध्ये, पण आवाज बंद. मग धाकट्या भावाला फोन. त्याची मुलगी शाळेत असताना घंटा वाजताच दोनदा पडली होती. तेव्हा तिला कांदा हुंगवला, मग गिरडच्या दर्ग्यावर नेलं.

"गिरडले खुशाल जाय," मी म्हटलं, "पण आधी पोरीचा ईसीजी काढ. तुझाबी."

"ताई, तिचं जमून राह्यलं. हे बाहेर गेलं तर कोन करन तिले?"

"अन् मेली तर?"

"काऊन अभद्र बोलून राह्यली तू?" त्यानं फोन कापला.

साक्षगंधाला मुलाकडचे आले की दारात लड लावायची, ही आमच्याकडची रीत. मी पोचले तेव्हा भाऊ काडीपेटी घेऊन वाकला होता आणि भाची शालू नेसून उंबऱ्यात उभी होती. मी बादली उचलली.

"तुमाले आमचं चांगलं बघवतच नाई!" वहिनी ओरडली.

भाची तेवढी जवळ आली. "आत्या, मलेबी तेच आहे का?"

"मले नाई माहीत. चाल, पाहू."

पाहुणे यायच्या आत तिला शालूतच स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. तिच्या ईसीजीच्या पट्टीवरही तेच होतं.

आता ती गोळ्या घेते. साक्षगंध झालं नाही. लोक विचारतात, वाईट नाही वाटत? मला रागच येतो. ईसीजी काढायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. भावानं स्वतःचा अजून काढलेला नाही.