कालव्याकडची खिडकी

वहिनीविषयी लिहायचं तर आधी आमच्या कालव्याविषयी लिहावं लागतं. त्याला कालवा म्हणणं आम्ही केव्हाच सोडलं होतं. सगळे नालाच म्हणत. पुलावरून जाताना माणसं बोलणं अर्धवट टाकून श्वास रोखायची आणि पलीकडे पोचल्यावर उरलेलं वाक्य पूर्ण करायची. काठावरच्या घरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. त्या बाजूला मोऱ्या, अडगळ आणि कायमच्या बंद खिडक्या.

अशाच एका खोलीत माझा थोरला भाऊ अंथरुणाला खिळून होता. बसच्या डेपोत मेकॅनिक असताना त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे, इतकं त्याचं तोंड चालायचं. अर्धांगाच्या झटक्यानं रेडिओ बंद पडला. जीभ हळूहळू सुधारली. डॉक्टर म्हणाले, आता बोलत राहिले तरच बोलणं टिकेल. पण दादा मानेनंच हो-नाही करायचा.

वहिनी मागच्या पडवीत कपडे शिवायची. तिथेच बसून मी कॉमर्सचा अभ्यास केला. परीक्षा आली की मशीनचा खडखडाट नको म्हणून ती हातानं टाके घालायची. हे मी तेव्हा गृहीतच धरलं होतं.

मग नगरपालिकेनं कालवा साफ करायला घेतला. गाळ काढला, सांडपाणी वळवलं, काठानं झाडं आणि पायवाट करायचं ठरलं. त्यासाठी प्रत्येक घरामागची थोडी जागा हवी होती. शेजाऱ्यांच्या मागण्या एकसारख्या: भिंत उंच करा, झुडपं दाट लावा, लोकांच्या नजरा घरात नकोत.

इंजिनिअर बाई वहिनीकडे आल्या तेव्हा मी दादाच्या खोलीतच होतो.

“तुम्हाला भिंत किती उंच हवी?” त्यांनी विचारलं.

“भिंत नको. वाट या खिडकीला खेटून न्या.”

“अहो, लोक आत डोकावतील.”

“डोकावू देत. घरात माणसाचा आवाज नाही उरलेला.”

बाईंनी पलंगाकडे पाहिलं, मग नकाशाकडे. “मग पडवी पाडावी लागेल. आम्हाला तर फक्त अंगण हवं होतं.”

“पाडा.”

“वहिनी, मशीन कुठे ठेवशील?” मी म्हणालो.

“तुमच्या डोक्यावर, भाऊजी.”

मंजूर नकाशातली रेष एका घरासाठी वळवायला बाईंना किती साहेबांच्या पुढे उभं राहावं लागलं असेल, याची नोकरीत आयुष्य घालवलेल्या मला कल्पना आहे. तेव्हा त्यांचे आभार मानायचे राहिले, म्हणून इथे मानतो.

पडवी गेली. मशीन दादाच्या पायथ्याशी आलं. वाट झाली, पाणी वाहतं झालं, खिडकी उघडली. पण सभ्य माणसं मान खाली घालून झपझप निघून जात आणि दादा तोंड भिंतीकडे करी. महिन्याभरात तो एकदाच बोलला: “प्रदर्शन मांडलंस माझं.”

वहिनीचा चेहरा उतरला. हातची पडवी गेली आणि वर नवराही दुखावला. तरी तिनं खिडकी लावली नाही.

पुढे गिऱ्हाइकं वळसा घालून पुढच्या दारानं येण्याऐवजी वाटेवरूनच खिडकीत कपडे देऊ लागली. एका सकाळी वहिनी औषधं आणायला गेली होती. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. खिडकीशी शाळेतल्या गाण्याच्या मास्तरांचा आवाज आला.

“वहिनी नाहीत का? कोट उसवलाय. कधी मिळेल?”

मी पेपर ठेवून उठलो. तेवढ्यात दादाचा जड, ओढत आलेला आवाज ऐकू आला.

“शनिवारी या.” थोडं थांबून, “बाही... लांब वाटतेय.”

“हो ना, पहिल्यापासूनच.”

“मग तीही करू.”

मी दारातच थबकलो. आत गेलो नाही.

वहिनी आली आणि तिला कोट दिसला. “शनिवारी? कुणाला विचारून? इथे कपड्यांचा ढीग पडलाय.”

“रविवारी गाणं आहे त्यांचं,” दादा म्हणाला. “विचारलं मी.”

“चौकशा बऱ्या सुचतात.”

ती फणकाऱ्यानं मशीनवर बसली. सुईत दोरा काही जाईना. मी पुढे होऊन ओवून दिला, तर माझ्याकडे न बघताच तिनं कोट पुढे ओढला.

“आधी बाही घे,” दादा म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा.” मशीनचं चाक तिनं हातानं धरून थांबवलं. “नाही, नको. बोला.”